आधी सही

मातोरी, ता. जि. नाशिक
२८ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. घोटीला तू, सुवर्णाताई, दाजी आणि पूजा मजेत असाल, असं धरून चालते.

हे पत्र तू स्वतः वाचायचं आहेस. म्हणून अक्षर मोठं काढलंय आणि एकेक ओळ सोडून लिहिलंय. एका दमात संपवायला जाऊ नकोस. सकाळचा चहा झाला की थोडं, तांदूळ निवडून झाले की थोडं. एखादा शब्द अडला तर पूजाला तेवढाच विचार. सगळं पत्र तिच्याकडून वाचून घेतलंस तर मला कळेल, कसं ते विचारू नकोस. फोनच केला असता गं. पण माझा आवाज ऐकला की तू फोन सुवर्णाताईकडे देतेस आणि ती बिचारी "आई जरा कामात आहे" म्हणते. तुला एवढं काम कधीपासून लागलं?

आईचा गुडघा पुन्हा धरलाय. डॉक्टरांनी वाकून खुरपायला मनाई केली, तर ती आता बसून खुरपते आणि म्हणते, मी वाकत कुठे आहे. कपिला व्याली, कालवड झाली. तांबडी आहे, कपाळावर पांढरं. कपिला अजून संध्याकाळी तुझ्या खोलीकडे तोंड करून हंबरते. मी चारा टाकला तर खाते, पण उपकार केल्यासारखी.

तुझा झेंडू दसऱ्याला फार सुरेख आला. तू गेलीस तेव्हा नुसत्या कळ्या होत्या. आईने आणि मी तोडला. फुलबाजारात गेले तर तुझ्या नेहमीच्या जागेवर मला बघून शेजारच्या धोंडाबाई म्हणाल्या, "अंबूबाई कुठं हाय?" म्हटलं, लेकीकडे गेली. "दसऱ्याच्या तोंडावर?" मी क्रेट उतरवायला लागले.

भाऊबीजेला आबांनी पाट मांडायला सांगितला होता. सकाळी अंघोळ करून, नवी टोपी घालून ते ओसरीवर बसले. बराच वेळ बसले. आई म्हणाली, "कुणाची वाट पाहताय?" ते म्हणाले, "कुणाची नाय, लाईट यायची वाट पाहतोय," आणि मोटार चालू करायला निघून गेले. लाईट होतीच. पाट आईने संध्याकाळी उचलला.

आता तुझ्या शाळेची बातमी. साक्षरतेचा वर्ग सुरू आहे, म्हणजे कागदावर सुरू आहे. शाळेच्या ओट्यावर तिघी-चौघी येतात, त्यातल्या दोघी नातवंडांना सोडायला येतात म्हणून बसतात. सरकार मात्र जोरात आहे. तुला आठवतं, तुझं नाव तीनदा लागलं होतं ते? शाळेच्या सर्वेक्षणात एकदा, बचत गटाने दिलेल्या यादीत एकदा आणि तिकडे घोटीला सुवर्णाताईच्या घरी पाहुणी म्हणून राहायला गेलीस तेव्हा एकदा. मोबाईलवरच्या त्या अॅपमध्ये मातोरीची अंबूबाई एक, बचत गटाची दुसरी आणि घोटीची तिसरी. दिल्लीपासून खालपर्यंत सगळ्या खात्यांनी मिळून काम करायचं म्हणून नाशिकला सभेवर सभा झाल्या. आपले केंद्रप्रमुख पगार सर दर वेळी येऊन सांगायचे, समन्वय झाला पाहिजे, समन्वय होत नाही. शेवटी तू मला विचारलंस, "हा समन्वय म्हंजे कोन गं? लय फिरतो वाटतं, कुठंच सापडत नाय." मी ते पगार सरांना सांगितलं, तर ते चहा सांडेपर्यंत हसले.

तर आता समन्वय झाला. तिन्ही अंबूबाईंची मिळून एक अंबूबाई झाली. आणि त्या एकीची त्यांना यशोगाथा हवी आहे. राज्याचं पुस्तक निघणार आहे, त्यात तुझा फोटो, सही करताना. पगार सर दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, "आपल्या केंद्रातून अंबूबाईच. अशी वळणदार सही आमच्या देवळ्याकडच्या ग्रामसेवकाची नाही." आबा तेव्हा ओसरीवरच होते. ते उठून गोठ्यात गेले. मी सरांना सांगितलं, आत्या गावाला गेली आहे, कधी येईल माहीत नाही.

आणखी काय लिहू. विहिरीकडचं आज लिहीत नाही. थंडी पडायला लागली आहे, घोटीला जास्त असेल, तुझी घोंगडी इथेच राहिली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

पत्र मिळालं की एक ओळ तरी लिही. चुका काढणार नाही.

तुझी,
मास्तरीण (हे नाव तूच ठेवलंस, आता बदलता येणार नाही)
वेदिका

*

मातोरी
११ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

सा. न.

तुझी ओळ आली नाही. सुवर्णाताईला विचारलं, तर म्हणाली, आईने पत्र उशाखाली ठेवलंय, वाचलं की नाही ते सांगत नाही आणि मला हात लावू देत नाही.

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही, पण कपिला आणि आईचा गुडघा यांच्या मागे लपून बसले. तू जन्मभर शेत केलंस, वरवरची नांगरट तुला लगेच कळते. तेव्हा आता नांगर खोलवर घालते.

तुझी पट्टी आता राहिली नाही, आत्या. दिवाळी सरली आणि दुसऱ्याच आठवड्यात जेसीबी आला. शेवंतीचे वाफे, मधला बांध, तू लावलेला कढीपत्ता, सगळं सपाट केलं. आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि 'फार्महाऊस प्लॉट' अशी पाटी आहे. विहीर आपल्याकडे राहिली, पण तुझी तिच्याकडे जायची वाट कुंपणाच्या आत गेली. आई आता शेजारच्या बांधावरून फिरून पाणी आणते. मी त्या बाजूला जात नाही.

मला सगळं पहिल्यापासून लिहून काढायचं आहे. तुला माहीत नाही म्हणून नाही. तुझ्यासमोर मांडलं तर मला नीट दिसेल, म्हणून.

दत्तूमामा गेले तेव्हा तू सुवर्णाताईला कडेवर घेऊन इथे आलीस. गेणूबाबांनी लेकीला म्हणून विहिरीजवळची पट्टी करून खायला दिली. ते गेल्यावर उताऱ्यावर आबांचं आणि तुझं, दोघांचंही नाव लागलं. तेवीस-चोवीस वर्षं ती पट्टी तुझी होती, कुणाच्या मनात दुसरं काही नव्हतं. मग नाशिक शहर सरकत सरकत आपल्या बांधापर्यंत आलं आणि माणसांच्या मनात यायला लागलं.

त्याच सुमाराला मी कॉलेजात गेले आणि साक्षरता वर्गाची स्वयंसेवक झाले. पहिल्या दिवशी मी पाटीवर 'अ' काढला, तर पगार सर म्हणाले, "ते नंतर. आधी सही शिकवा, मग अक्षरं." वरून साहेब लोक पाहणीला येणार होते. बाई उठते, खडू घेते, फळ्यावर स्वतःचं नाव काढते, हे दिसायला छान दिसतं. वाचन दिसत नाही, आणि ते ऐकत बसायला कुणाला वेळ नसतो. सरांचाही नाइलाज होता, त्यांनाही वरून विचारणा. सगळ्या वर्गांत तसंच चाललं होतं. तू तेव्हा म्हणालीस, "नुसतं नाव काढून काय करू? नावाच्या आधी काय लिव्हलंय, मागं काय लिव्हलंय, ते कळाया नको का?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

पण तू सही शिकलीस ती अशी, की बस. परातीतल्या पिठात सही, ओल्या बोटाने ओट्यावर सही, झेंडूच्या क्रेटवर खडूने सही. आई म्हणायची, वन्संच्या सहीने भाकरी काळी व्हायला लागली. सही पक्की झाल्यावर तू पहिला शब्द माझ्याकडून मागून घेतलास, तो 'वेदिका'. म्हणालीस, बारशाला पाळण्यात तुझ्या कानात मीच सांगितलं होतं, आता लिहिता पण आलं. तो कागद माझ्याकडे आहे. वे जरा मोठा झालाय.

मार्चमधली चाचणी तू कुणाची मदत न घेता दिलीस. मी खिडकीतून बघत होते, हे तुला माहीत नाही. 'शाळा', 'पाणी', 'माझा गाव' असं होतं सगळं. तू बोट ठेवून ठेवून वाचलंस. पास झालीस. साक्षर म्हणून प्रमाणपत्र आलं, ते आबांनीच फ्रेम करून आणलं. तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते मी अजून ठरवू शकले नाही. कधी वाटतं, तेव्हा खरंच आनंद होता. कधी वाटतं, नव्हता.

मग जूनमधला तो दिवस. आबा म्हणाले, वारसाच्या नोंदी नीट करायच्यात, दोघांच्याही सह्या लागतात, नाशिकला रजिस्ट्री ऑफिसात जायचंय. मलाही बरोबर घेतलं. जीपमध्ये तू खिडकीशी बसलीस आणि वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत आलीस. दवाखाना. चप्पल. सिमेंट. एका पाटीपाशी अडलीस, तर जीप पुढे गेल्यावरही मान वळवून बघत राहिलीस. आबा हसत होते. "अक्का, आता तुला निवडणुकीला उभं करू."

आत तुम्हा दोघांना आणि साक्षीदारांना घेतलं. मी दाराशी, पाण्याची बाटली घेऊन. तुझी पाळी आली. मशीनवर सगळ्यांचाच अंगठा घेतात, शिकलेल्यांचाही, म्हणून तू त्या क्लार्कला म्हणालीस, "अंगठा घेता ते ठीक हाय, पन मला सही येती." पानापानावर तू सही केलीस. जीभ दातांत धरून, सावकाश. मागे रांग होती, पण कुणी घाई केली नाही. मग साहेबांनी विचारलं, "बाई, वाचता येतं ना? मजकूर वाचला ना?" आणि तू म्हणालीस, "वाचलं."

तो हक्कसोडीचा कागद होता.

मी तो वाचला नाही. आबांच्या पिशवीत तो सकाळपासून होता, माझ्या मांडीवर होता. मला वाचता येतं, आत्या, मी पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात घालवली. बापाच्या पिशवीतला कागद वाचून बघावा असं कुणाच्या मनात येतं का?

परत येताना आबांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. तुला तिखट लागलं म्हणून जिलेबी मागवली. म्हणाले, "अक्का, माझ्यापेक्षा तुझी सही झकास." तू लाजलीस. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

गणपतीत मोजणीवाले आले. तू खुरपं हातात घेऊन विचारलंस, "हे कुणाचं मोजताय?" त्यातल्या एकाने सांगितलं, तुमच्या भावाने विकली, तुम्ही हक्क सोडला ना. तू आबांकडे बघितलंस. आबा खाली बघत होते. तू खुरपं धुऊन भिंतीला टेकवलंस, लुगडी पिशवीत भरलीस आणि घोटीची एसटी धरलीस. रडली असतीस, शिव्या दिल्या असत्यास, तर बरं झालं असतं. मला नुसतं म्हणालीस, "कळ्या हायत, पानी दे."

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहिते.

कॉलेजातल्या मॅडमनी एका वकीलबाईंची गाठ घालून दिली. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आत्याने सही केली की अंगठा?" मी म्हटलं, सही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अंगठा असता तर कागदावर लिहावं लागलं असतं की मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला. ते झालं हे तुझ्या वडिलांना सिद्ध करावं लागलं असतं. अंगठेवाल्या बाईला कायदा सांभाळून घेतो. सही करणारीचं तसं नसतं. त्यात ती साहेबांसमोर 'वाचलं' म्हणाली, त्यात तिच्याकडे सरकारचं प्रमाणपत्र. आता तिला वाचता येत नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागेल.

म्हणजे आत्या, तू अंगठा देणारी राहिली असतीस तर तुझी पट्टी राहिली असती. मी शिकवायला आले आणि ती गेली. हे मी कितीही वेळा वेगळं मांडून पाहिलं, उत्तर तेच येतं.

वकीलबाई म्हणतात, एक मार्ग आहे. मी साक्ष द्यायची. शिकवणारी मीच होते, मी सांगायचं की तिला शाळा, पाणी, गाव एवढं वाचता येत होतं. 'सदर मिळकतीतील सर्व हक्क स्वखुशीने कायमचे सोडून देत आहे' हे वाचता येत नव्हतं. आणि तू उभं राहून सांगायचं की मला वाचता येत नाही, मी अडाणी आहे. केस लवकर घातली पाहिजे, तिथे बांधकाम उभं राहिलं की अवघड होईल.

मी साक्ष द्यायला तयार आहे. आबांना मी तसं सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "दे. बापाच्या विरोधात दे." मग म्हणाले, "साऱ्या गावात बहिनी हक्क सोडतात. मी काय आक्रीत केलं?" मी म्हटलं, मग तिला विचारलं का नाही? ते ताटावरून उठले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. परवा अंगणात एकटेच बसले होते, मी गेले तर तोंड फिरवलं, पण मला दिसलं, रडत होते. कशासाठी ते मी विचारलं नाही. मला त्यांची दया येते आणि येते याचाच राग येतो.

माझं मी करेन. पण तुझ्याकडे जे मागायचं आहे ते मागायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते आहे. ज्या बाईने वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचल्या, तिला मी कसं सांगू की भर कोर्टात म्हण, मी अडाणी आहे. तू म्हणशील तसं करू. तू नको म्हणालीस तर नको.

एक मात्र मला कळत नाही आणि विचारल्याशिवाय राहवत नाही. तू 'वाचलं' असं का म्हणालीस?

वर्ग मी बंद केला आहे. पगार सर येऊन गेले, पुन्हा मार्चची चाचणी आहे, पुन्हा नावं हवीत, यशोगाथेचा फोटो हवा. मी त्यांना म्हटलं, सर, मला आता कुणाला शिकवायला भीती वाटते. ते बराच वेळ बसून चहा पिऊन गेले.

मोठं पत्र नको लिहूस. 'हो' किंवा 'नाही' एवढं लिही. तेही जमत नसेल तर नुसतं तुझं नाव लिहून पाठव. ते वाचता आलं की मला कळेल तू माझ्यावर रागावलेली नाहीस.

तुझी,
वेदिका

*

घोटी बु.
८ फेब्रुवारी २०२६

वेदिकामावशीला पूजाचा नमस्कार. आजी सांगते आहे आणि मी लिहिते आहे. तिने बजावलंय की ती बोलते तसंच लिहायचं, आपल्या मनाने शुद्ध करायचं नाही.

वेदे,

तुझी दोन्ही पत्रं वाचली. मीच वाचली. पूजीला चार शब्द इचारले, ते तू लय अवघड लिव्हले व्हते. पहिल्या पत्राला लय दिस लागले. दुसरं भराभर सरलं. सरलं तव्हा वाटलं, मला वाचता येत नसतं तर बरं व्हतं.

कपिलाला गूळ दे माझ्या नावानं. आईला म्हनावं, गुडघ्याला येरंडाचा पाला बांध, आन बसून बी खुरपू नको. घोंगडी मिळाली.

तू इचारलं, मी 'वाचलं' का म्हनले. मला सांगायचं नव्हतं. तू इचारलं नसतं तर मरेस्तवर सांगितलं नसतं. तू दाराशी उभी व्हती. बाकड्यावर बसलेल्या बायांना तू सांगत व्हती, ही माझी आत्या, माझ्याकडं शिकली, आता सही करती बघा. मला आत सारं ऐकू येत व्हतं. मंग सायेब म्हनला, वाचता येतं ना. मी कागदाकडं पाह्यलं. माझं नाव कळलं, तुझ्या बापाचं, सोमाचं कळलं, 'विहीर' कळलं. बाकी नुसती मुंग्यांची रांग. नाय म्हनले असते तर सायबानं वाचून दाखवलं असतं, भला मानूस व्हता. पन तुझं तोंड उतरलं असतं त्या बायांसमोर. म्हनून म्हनले, वाचलं.

यात तुझा दोष नाय. शिकवनाऱ्याचा मान राखायचा असतो, हे मला तू नाय शिकवलं. ते मला आधीपासून येत व्हतं. आता हे वाचून रडत बसू नको. मला ठावं हाय तू बसशील.

कोर्टात जायचं नाय. मी अडानी हाय असं म्हनायला मला लाज नाय, जलमभर तेच म्हनले. पन आता ते खोटं हाय. तू उन्हातान्हात येऊन, माझा हात धरून शिकवलं, ते मी भर सभेत पुसून टाकू का? आन तू बापाच्या समोर उभी राहायची, तेबी मला नको. माझं माहेर गेलं, ते गेलं. तुझं लगीन व्हायचं हाय. तुला माहेर लागंल. एका घरात दोघींचं गेलं तर घरात उरलं काय?

सोमाला माझा निरोप सांग. त्याच्याकडं पाहून सांग, पाठमोरा असंल तर सांगू नको. म्हनावं, मागितलं असतं तर दिलं असतं. राखीच्या दिशी हात पुढं करून म्हनला असता, अक्का, पोरीचं लगीन हाय, दिवस पालटलेत, पट्टी सोड, तर म्या इचार बी केला नसता. बापानं ती खायला दिली व्हती, उरावर न्यायला नाय. पन त्याला मागायची लाज वाटली. फसवायची नाय वाटली. तो लहान व्हता तव्हा भूक लागली तरी मागायचा नाय, चुलीपाशी येऊन नुसता उभा राहायचा. मीच वळखून भाकर द्यायची. या टायमाला मला वळखता आलं नाय.

भाऊबीजेला पाट मांडला व्हता, ते वाचलं. ते दोनदा वाचलं.

मी तिकडं येनार नाय. इथं बरी हाय. सुवर्णाच्या जावांना माझं काय जड झालं नाय, तांदूळ निवडते, पूजीची येनी घालते. कधी फुलबाजाराची आठवन येती, पहाटे हात शिवशिवतात. व्हईल सवय.

वर्ग चालू कर. पगार मास्तरला सांग, माझा फोटो नको, पन बायांना सही शेवटी शिकवा. आधी वाचाया शिकवा. सायेब लोक आले तरी चालंल, बसतील थोडा येळ. जी बाई सही करून 'वाचलं' म्हनंल तिला दुसऱ्यांदा इचारा. दोनदा इचारल्यावर बाई खोटं बोलत नाय. मला कुनी दोनदा इचारलं नाय.

माझं वाचन मी सोडलेलं नाय. पूजीचं तिसरीचं जुनं पुस्तक घेतलंय, रोज दुपारी वाचते. ते तू दिलंस, ते माझ्याकडं राहील, ते कुनाला सोडून देता येत नाय.

नाव लिवून पाठव म्हनलीस. पेन घेतला व्हता. एक अक्षर काढलं आन हात थांबला. माझं नाव डोळ्यासमोर आलं की तो कागद येतो, पानापानावर, झकास. तुझ्यावर राग नाय, हे माझ्या नावाबिगर खरं मान. इथून पुढं कुनीबी, कसलाबी कागद आनला, तरी मी अंगठाच देनार. म्हंजे त्याला बसून मला वाचून दाखवावं लागंल.

तुला आशीर्वाद.

तुझी आत्या,
श्रीमती अंबूबाई दत्तू गतीर
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

दस्तुर पूजा. आजी म्हणाली, शेवटी हे पण लिही: वरील मजकूर पूजाने मला वाचून दाखवला, तो मला समजला, आणि मग मी अंगठा दिला.